मोजणीवाल्याला दाखवलेले बांध

आमच्या गावात मोजणीवाले आले तेव्हा मी चौथीत होते. कळंबोलीकडे जाताना आज जिथे ट्रकांच्या रांगा दिसतात, तिथे आमची भातशेती होती. नवं शहर वसवायला सरकारला ती जमीन हवी होती आणि द्यायची नाही असं गावानं ठरवलं होतं. दगडफेक नाही, शिवीगाळ नाही. मोजणीवाले दिवसभर लाकडी खुंट्या ठोकायचे आणि पहाटे बायका त्या उपटून आणायच्या. लाल तोंडाच्या त्या खुंट्या चुलीत काय सुरेख जळायच्या! दुपारी तोच मोजणीवाला उन्हात दिसला की माझी आई त्याला हाक मारून चहा पाजायची. त्याच्याच खुंट्यांवर उकळलेला चहा! "मानूस हाय, दारात आलाय," एवढंच तिचं म्हणणं. गाव इतकं एकदिलानं वागलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. त्या दिवसांसाठी जीव अजून तुटतो.

दुसरा नियम असा, की हा बांध कुणाचा असं विचारलं तर "ठावं नाय" म्हणायचं. वीतभर बांधासाठी जन्मभर भांडलेले म्हातारेही "कंचा बांध?" असं विचारू लागले. मोजणी अडली.

एके दिवशी सगळं गाव एका हळदीला लोटलं होतं. शाळा सुटल्यावर मीही मांडवाकडे निघाले होते, तर वाटेत मोजणीसाहेब भेटले. "तुला काय ठाऊक असणार म्हणा," असं ते सहज म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. वर्गात पहिला नंबर माझा, आणि मला ठाऊक नाही? मी त्यांना शेतभर फिरवून एकूण एक बांध दाखवला. "हुशार आहेस," ते म्हणाले. मी हरभऱ्याच्या झाडावर चढून हळदीला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोजणी उरकली. कुणीतरी फितूर झालं हे उघड होतं. बाबांचा धाकटा भाऊ हळदीला आला नव्हता, म्हणून बाबांनी त्याच्यावरच ठपका ठेवला. मग मोजलेल्या शेतात बाबांनी मुद्दाम नांगर घातला, पोलिसांनी उचललं, आठ दिवस कोठडीत ठेवलं. सुटून आले तेव्हा काका भेटायला आला होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे त्याच्या घरचं पाणी प्यायले नाहीत, तो गेला तेव्हा दहाव्यालाही गेले नाहीत. मी मिठाची गुळणी धरून बसले होते. आधी माराच्या भीतीनं, नंतर लाजेनं. पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले, फितुरीवर तावातावानं धडे शिकवले. माझ्याइतकी निर्लज्ज बाई शोधून सापडायची नाही.

आता बाबा नव्वदीला टेकलेत, नावड्याला माझ्याजवळ असतात. माझी मुलगी न्यूझीलंडला नोकरी करते. गेल्या महिन्यात तिची एक माओरी मैत्रीण तिला पारिहाका नावाच्या गावी घेऊन गेली. तिथली हकिकत मुलीनं आजोबांना फोनच्या स्पीकरवर सांगितली. गोऱ्या सरकारनं माओरींच्या जमिनी काढून घेतल्या, तेव्हा त्या गावानं मोजणीच्या खुंट्या उपटल्या. गोऱ्यांच्या ताब्यातल्या शेतांत माणसं नांगर घेऊन उतरली. एक जण तुरुंगात गेला की दुसरा त्याच्या जागी नांगर धरायचा. शेवटी फौज आली. समोर पोरं गाणी म्हणत होती, बायकांनी शिपायांना भाकरी दिल्या. गाव मोडलं, पण कुणी हात उचलला नाही.

बाबांचे डोळे चमकले. "तुझ्या आजीसारख्याच बाया त्या!" मग म्हणाले, "जमीन भेटली परत?"

"थोडीच, आबा," मुलगी म्हणाली. "पण सरकारनं माफी मागितली. शंभरावर वर्षांनी."

"माफीला शंभर वर्षां?" बाबा हसले. मग त्यांनी विचारलं, "त्यांच्यात कोनी फितूर नाय झाला?"

"ते नाही विचारलं, आबा."

"आपल्यात झाला. माजा सख्खा भाऊस."

मुलीनं फोन ठेवला. मी बाबांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "बाबा, काका नव्हता. मी होते. हळदीच्या दिवशी मीच साहेबांना सगळे बांध दाखवले."

मारावं, निदान एक शिवी तरी हासडावी, असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी शेजारची काठी ओढून घेतली. मग विचारलं, "त्याची बायको हाय ना अजून?"

"आहे. गावातल्या घरीच असते."

"मना तिच्याकरं ने," ते म्हणाले, आणि काठी टेकत उठले. "पानी पिऊन येव."