उचलून दे

मॅडमनी आपल्या रॅकेटच्या मुठीवरची ग्रिप माझ्यासमोर सोलून काढली.

ग्रिप नवीच होती. रॅकेट घेऊन आठवडाही झाला नव्हता. मी ते हातात धरलं एका फटक्यापुरतं. तेही मागून घेतलं नव्हतं, मॅडमनीच दिलं होतं. 'बघ गं, याचं गट सैल आहे का? शटल पुढे जातच नाही.'

गट म्हणजे रॅकेटच्या तारा. त्या सैल नव्हत्या. रॅकेटमध्ये काहीच खोट नव्हती. टीव्हीवरची कोणी मोठी खेळाडू तसलंच वापरते म्हणून मॅडमनी ते पुण्याहून मागवलं होतं. दांडा कडक, वजन सगळं डोक्याकडे. असलं रॅकेट झपकन मनगट फिरवणाऱ्याच्या हातात चालतं. मॅडमचा हात सावकाश. त्यामुळे शटल जाळीत. पुन्हा जाळीत.

मी पलीकडच्या बाईंना म्हटलं, एक द्या. त्यांनी उंच दिलं. मी उडी मारली आणि मारलं. शटल मागच्या रेषेवर आदळलं. सगळ्या हॉलमध्ये आवाज घुमला. बाकावर बसलेल्या डॉक्टरीणबाई 'बाप रे' म्हणाल्या. कोणीतरी टाळीही वाजवली.

तिथेच घात झाला.

मॅडमनी रॅकेट माझ्या हातातून काढून घेतलं. 'तुला मारायला कोणी सांगितलं? तुझं काम उचलून द्यायचं.' मग नखाने ग्रिपचं टोक उचकटलं. सोलली. बाकाशेजारच्या डब्यात टाकली. 'मला दुसऱ्यांच्या घामाची ॲलर्जी आहे गं,' असं सगळ्यांकडे बघून हसत म्हणाल्या. बॅगेतून नवी ग्रिप काढली आणि माझ्यापुढे धरली. 'ही लावून ठेव. पण आधी हात धुऊन ये.'

मी हात धुऊन आले. ग्रिप लावून दिली.

परवाच डॉक्टरीणबाई याच रॅकेटने अख्खा गेम खेळल्या होत्या. घामाने त्यांचा टी-शर्ट पाठीला चिकटला होता. तेव्हा कोणी ग्रिप सोलली नव्हती. म्हणजे ॲलर्जी घामाची नव्हती. कोणाच्या घामाची होती, ते मला नळाखाली हात धुताना कळलं. तिथे साबण नव्हता. मी नुसत्या पाण्याने धुतले.

हा हॉल अमरावतीतल्या एका क्लबाचा. मी अकोल्याची. शहर संपतं तिथे मोर्णा नदीच्या काठाला आमचा मळा आहे. मेथी, पालक, वांगी. माय-बाबा पहाटे माल घेऊन बाजारात जातात. मी शारीरिक शिक्षण शिकायला अमरावतीला आले, वसतिगृहात राहिले. क्लबाच्या सकाळच्या लेडीज बॅचला रोज कोणीतरी कमी पडायचं. ती जागा भरायला मला ठेवलं. अशा पगारी माणसाला क्लबात मार्कर म्हणतात. बॅचच्या बायका तोंडावर मला 'पार्टनर' म्हणायच्या. आणि फोनवर विचारायच्या, 'ती शटलवाली आली का?'

ग्रिप सोलणाऱ्या मॅडमचे शहरात कोचिंग क्लास आहेत. चौकाचौकात त्यांचे फ्लेक्स, हाताची घडी घातलेल्या फोटोचे. शिकवायची सवय अशी की माझं बोलणंही त्या रोज तपासायच्या. 'मले नाही, मला.' एकदा मी घरचा सांभार आणून दिला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभारच म्हणतात. 'इडली कुठंय मग?' असं विचारून त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. जुड्या मात्र घरी नेल्या.

माझं काम दोन शब्दांचं होतं. उचलून दे. शटल खाली पडलं की उचलून दे. मग ते त्यांच्या बाजूला का पडलेलं असेना, मी जाळीखालून वाकून जायचं. आणि खेळतानाही उचलून दे. म्हणजे उंच, अलगद, त्यांच्या डोक्यावर, मधोमध. त्यांना मनासारखं मारता यावं. त्यांनी मारलं की म्हणायचं, 'क्या बात है, मॅडम.' जिंकायचं नाही. फार सहज हरलेलंही त्यांना चालायचं नाही. थोडं झुंजून हरायचं.

दोन वर्षं हे केलं. वाटलं, खेळ तर होतोय, हात तर चालतोय. काय बिघडतं?

काय बिघडलं ते विद्यापीठाच्या निवड चाचणीत कळलं. त्या संघात जायचं म्हणून तर मी घर सोडून आले होते. समोर यवतमाळची एक पोरगी. माझ्यापेक्षा फार भारी होती असं नाही. पण माझा हात माझं ऐकेना. ती जाळीजवळ टाकायची, मी उचलून द्यायचे. ती मागे मारायची, मी उचलून द्यायचे. उंच, अलगद, मधोमध. मी मनात ओरडत होते, मार, मार! आणि हात मॅडमच्या नोकरीवर होता. त्या पोरीने मारून मारून मला संपवलं. निवड करणारे सर कागद आवरत म्हणाले, 'तुझा हात चांगला आहे. पण तू समोरचीला खेळवत होतीस.'

मी तिथल्याच बाथरूममध्ये जाऊन रडले. रागाने. मॅडमचा राग, सरांचा राग, सगळ्यात जास्त माझ्या मनगटाचा. ते आता माझं राहिलं नव्हतं.

ग्रिपचा प्रकार त्यानंतर महिन्याभराने घडला. त्या रविवारी मी अकोल्याला गेले आणि मायला सगळं सांगितलं. माय सांभाराच्या जुड्या बांधत होती. मला वाटलं, जवळ घेईल.

'त्या बाईनं तुह्या हातची ग्रिप सोलून फेकली?'

'हो.'

'अन नवी तूच लावून देली?'

'हो.'

'कावून लावून देली?'

 एवढंच विचारून माय जुड्या बांधत राहिली, जरा जास्तच आवळून. परतताना एसटी मूर्तिजापूरला थांबली तरी माझ्या डोक्यात तेच, का लावून दिली? कावून लावून देली? कावून?

त्याच आठवड्यात मी राजकमल चौकाजवळच्या खेळाच्या दुकानात गेले. आजवर माझं स्वतःचं रॅकेट नव्हतं. क्लबाच्या कोपऱ्यातल्या पिंपात जुनी, मोडकी रॅकेटं असायची. त्यातलं एक घ्यायचं, खेळायचं, परत टाकायचं. कोणतं रॅकेट मला बसतं, हा प्रश्नच कधी आला नव्हता.

दुकानदार मोबाइलवर क्रिकेट पाहत होता. 'कोणासाठी?'

'माह्यासाठी.'

'लेडीज का? हे घ्या. गुलाबीत पण हाये.'

'गुलाबी नको.'

त्याने सुस्कारा सोडून मोबाइल पालथा ठेवला. 'बरं, खेळ कसा हाये तुमचा? मारत असान तर डोक्याकडं जड घ्या. जाळीजवळ, डबल खेळत असान तर डोक्याकडं हलकं, फटाफट फिरते. नवीन असान तर दांडा लवचिक. मनगट तयार असन तर कडक. काय खेळता तुमी?'

'मी देते,' मी म्हटलं.

'काय देते?'

'उचलून. समोरच्याले मारता यावं असं.'

'ते समोरच्याचं झालं. तुमचं सांगा ना.'

एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याला काही सुचवायचं नव्हतं. दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच विचारत असणार. मी मात्र तिथे दगडासारखी उभी. तुमचं सांगा. काय सांगू? इतकी वर्षं खेळते, शिक्षणही त्याचंच, आणि माझा खेळ कसा आहे हे मला सांगता येत नव्हतं. लाज वाटली. मग भयंकर चीड आली. माझा खेळ होता ना! गेला कुठे?

उभ्या उभ्या मळा आठवला. बाभळीपासून पाण्याच्या मोटारीच्या खोलीपर्यंत दोरी बांधून आम्ही बहिणी खेळायचो. प्लास्टिकचं शटल. उघड्यावरचा वारा. उचलून दिलं की शटल सरळ शेजाऱ्याच्या वांग्यात. शेजारी शिव्या घालायचा. म्हणून आम्ही उचलायचोच नाही. मारायचो. वर आलं की खाली, सरळ, दणकून. मला कोणी शिकवलं नव्हतं, वाऱ्याने शिकवलं होतं. मी मारणारी होते. शाळेत होते, कॉलेजात येईपर्यंत होते. उचलून देणं हा माझा खेळ कधीच नव्हता, ती माझी नोकरी होती.

दुकानदार परत आला तेव्हा मी म्हटलं, 'मी मारते.'

'मंग जड घ्या.'

त्याने तीन-चार काढून दिली. मी एकेक फिरवून पाहिलं. डोक्याकडे हलकं असलेलं हाताला लगेच आवडलं, आणि तेच मला खटकलं. ते अलगद वर जात होतं, माझ्या बिघडलेल्या सवयीसारखं. डोक्याकडे जड असलेलं फिरवलं तर खांदा जागा झाला. दांडा मात्र मधला घेतला, फार कडक नको. मॅडमच्या रॅकेटने एक फटका निघाला होता, अख्खा गेम निघाला नसता. माझं मनगट आळसावलं होतं, ते खोटं कशाला बोला? मॅडमसारखं दुसऱ्याच्या हातचं रॅकेट मला नको होतं. आज माझी जेवढी ताकद आहे तेवढ्याचं हवं होतं. ग्रिपही माझ्या बोटांच्या मापाची, बारीक. दुकानातच लावून घेतली.

मग वसतिगृहामागच्या टाकीची भिंत. रोज संध्याकाळी. पहिले काही दिवस नुसता संताप. भिंतीवर मारतानाही हात उचलून द्यायचा. भिंतीला! भिंतीची कसली मर्जी राखायची होती? मी रॅकेट आपटायला जायचे आणि थांबायचे. नवं होतं, माझं होतं. हळूहळू दहातला एखादा फटका सरळ जायला लागला. मग त्याहून जास्त.

सकाळी क्लबात मी पिंपातलंच रॅकेट वापरत होते आणि उचलून देत होते. ते दिवस मला सगळ्यात जड गेले. शेवटी एका सकाळी माझं रॅकेट घेऊन हॉलवर गेले.

'अरे वा! शटलवालीने रॅकेट घेतलं,' मॅडम म्हणाल्या. या वेळी तोंडावरच. 'दाखव.' आणि हात पुढे केला.

मी दिलं नाही. 'नको मॅडम. नवी ग्रिप हाये.'

डॉक्टरीणबाई बुटाची नाडी बांधत होत्या. त्या तशाच वाकून राहिल्या. मॅडम थोडं हसल्या आणि कोर्टवर गेल्या.

खेळ सुरू झाला. मॅडमनी उंच दिलं. मी मारलं. अंगावर नाही, रिकाम्या जागेत. त्यांनी पुन्हा दिलं. पुन्हा मारलं. तिसऱ्या वेळी जाळीजवळ आलेलं मी तिथल्या तिथे खाली दाबलं. शटल त्यांच्या पायाशी पडलं.

'काय चाललंय हे? उचलून दे नीट.'

'नाई उचलत मॅडम.'

'काय?'

'मी नाई उचलत आता.'

त्यांचा चेहरा लाल झाला. आणि तशातही सवय सुटेना. 'नाई काय? नाही म्हण.'

'नाई,' मी म्हटलं.

शटल त्यांच्या पायाशी पडलेलं. त्या वाट पाहत उभ्या होत्या, मी जाळीखालून वाकून येईन म्हणून.  माझा पाय सवयीने पुढे निघालाही होता. मी तो मागे घेतला.  

'उद्यापासून येऊ नकोस,' मॅडम म्हणाल्या.

मी रॅकेट पिशवीत घातलं आणि निघाले. दारातून वळून पाहिलं तर शटल तिथेच होतं.

माझ्या जागी लगेच दुसरी पोरगी लागली. धारणीकडची, आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. सुरेख खेळते. मी तिला गाठून सांगितलं, हात जाईल तुझा. ती म्हणाली, 'ताई, मेस बंद होईन माही. तुमी देता का जेवाले?'  तिच्यावर चिडता येत नाही. तिला तिथे ज्या गरजेने उभं केलंय त्या गरजेवर चिडते, आणि रोज भिंतीपाशी तिला बोलावते. कधी येते, कधी नाही. येते तेव्हा माझं रॅकेट तिच्या हातात देते. ग्रिप तीच राहते.

माझा हात अजूनही वर जातो. थकले की, घाबरले की, समोर कोणी मोठ्या घरचं उभं असलं की आपसूक वर जातो. मी त्याला खाली आणते. परत जातो, परत आणते.

निवड चाचणी पुन्हा आहे. मी जाणार आहे. पुन्हा हरेनही, काय सांगावं. पण समोर जी कोणी असेल तिला प्रत्येक पॉइंट स्वतः कमवावा लागेल. माझ्याकडून उचलून मिळणार नाही.