माहेरी नेलेल्या कोंबड्या

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कोंबड्यांवर मानमोडी आली. सकाळी खुराडं उघडलं की एकदोन कोंबड्या मान वाकडी करून पडलेल्या असत. माझ्याकडे बारा गावरान, सरकारी दवाखान्यातून आणलेल्या दोन पांढऱ्या आणि एक बदक होतं. रोग आला की धडधाकट कोंबड्या दुसऱ्या गावी पाहुण्यांकडे हलवायच्या, ही आमच्याकडची रीत. सासूबाई म्हणाल्या, "बघत काय बसलीस? माहेरी सोडून ये."

मीही मोठी शहाणी. उरलेल्या सहा कोंबड्या आणि बदक डालग्यात घालून एसटीनं नेवाशाजवळच्या माहेरी नेलं. आईनं ती सगळी आपल्या कोंबड्यांत सोडली आणि मूठभर बाजरी टाकली.

दहाव्या दिवशी आई माझ्या दारात उभी. काखेत बदक.

"येवढंच ऱ्हायलं," ती म्हणाली.

"आणि तुझ्या कोंबड्या?"

"न्हाईत. आमच्या गल्लीत कुनाच्याच न्हाईत."

डालग्यातून मी रोगच नेला होता, हे मला तेव्हा कळलं. रडू येईना. स्वतःचा इतका राग आला की मी बदकालाच हाकललं. ते गेलं नाही, आईच्या पायांशी जाऊन बसलं.

पाणी पिऊन आई निघाली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "आपल्या गावात आलीस अन् कुनी इचारलं, तर गप ऱ्हा. मी सांगितलंय, आधी माझ्याच मेल्या."