दहा ओळींत बसवलेला खडक

मासेमारी खात्यात अठरा वर्षं नोकरी केलेल्या माणसानं समुद्र पाहिलेला नाही, हे ऐकून लोक हसतात. मी त्यांना हसू देतो. आमची कचेरी बंगळुरात, कब्बन पार्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथं मासा येतो तो कागदावर. तळ्यांचे लिलाव, जाळ्यांसाठी सुताची मागणी, होड्यांची नोंदणी, एवढंच माझ्या टेबलावरून गेलं. मासळीचा वास आला असेल तर तो एकदाच. ती गोष्ट आज पहिल्यांदाच लिहून काढतो आहे.

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. घरात मराठी बोलत, पण निम्मे शब्द कन्नड. ते मराठी आई असेपर्यंत होतं. ती गेली आणि घरात मी एकटाच उरलो. अक्का लग्न होऊन दूर गेली होती, माझं लग्न झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. कचेरीत इंग्रजी आणि कन्नड, खाली घरमालकांशी कन्नड, दुकानात कन्नड. पंधरा-पंधरा दिवस तोंडातून मराठी शब्द निघत नसे. कधी दूध उतू गेलं की "अगं बाई" असं आईसारखं म्हणायचो आणि मग स्वतःच गप्प व्हायचो.

राज्यांची पुनर्रचना झाली आणि कारवारकडची किनारपट्टी आमच्या राज्यात आली. तिकडचे लोक बोलतात कोंकणी, पण कागद लिहायचा तर मराठीत. असे अर्ज आमच्याकडे येऊ लागले. साहेबांनी विचारलं, "हे कोण वाचणार?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून मराठी कागद माझ्याकडे. मी तो वाचायचा, इंग्रजीत टिपण करायचं आणि साहेबांसमोर ठेवायचं. साहेबांचा नियम होता, टिपण दहा ओळींच्या वर जाता कामा नये. माझी टिपणं कधी दहाच्या वर गेली नाहीत. कचेरीत मला सगळे रायरे, म्हणजे रावसाहेब, म्हणत. "रायरे, तुम्ही समुद्रसुद्धा पेल्यात बसवाल," असं साहेब एकदा सगळ्यांदेखत म्हणाले होते. मला ते फार आवडलं होतं.

असाच एक अर्ज आला. साडेतीन ताव. गावच्या शाळामास्तरांच्या वळणदार अक्षरात, पण सांगणारा दुसराच कुणी आहे हे पहिल्या ओळीपासून कळत होतं. गावची रापण, म्हणजे सगळ्या गावानं मिळून ओढायचं मोठं जाळं, ज्याच्या हुकमानं पाण्यात जायचं तो तांडेल हे सांगत होता. खाली त्याचा अंगठा, आणि त्याखाली आणखी चाळीसेक अंगठे.

त्यात लिहिलं होतं की गावासमोर, होडीनं तासाभराच्या वाटेवर एक खडक आहे. त्याच्या बुडाशी पोवळ्याचं रान आहे. मासळी तिथं अंडी घालते, बारकी पिल्लं त्या रानात लपून वाढतात, आणि मोठी झाली की किनाऱ्याकडे येतात. आता बाहेरच्या होड्या तिथं सुरुंगाची दारू टाकतात. मासे मरून वर येतात, ते गोळा करून त्या निघून जातात. खाली रान मोडून पडतं. आमचीही चूक आहे, आम्हीही तिथं नको तेवढे गळ टाकले. तरी सरकारनं त्या खडकाभोवतीचं पाणी पाच वर्षं सगळ्यांना बंद करावं. कुणी जाळं टाकू नये, गळ टाकू नये. आम्हीही टाकणार नाही. आमच्यातला कुणी गेला तर आधी त्याला धरावं. भाताचं बियाणं कुणी शिजवून खात नाही.

हे सगळं मी वाचलं, दोनदा वाचलं. घरी नेऊन मोठ्यानं वाचलं, कारण किती दिवसांनी घरात मराठी ऐकू येत होतं. आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याच्या दहा ओळी केल्या.

त्या दहा ओळींत मी लिहिलं की अर्जदारांच्या गावासमोर एका खडकाजवळ परगावच्या होड्या मासेमारी करतात, त्यांना मनाई व्हावी अशी विनंती आहे. 'आम्हीही टाकणार नाही' हे मी लिहिलं नाही. विसरलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो. लेखणी तिथं थांबली होती, हे मला स्वच्छ आठवतं. मला वाटलं, मच्छीमार स्वतःच म्हणतात आम्हाला मासे धरू देऊ नका, हे वाचून साहेब हसतील. आणि अकरावी ओळ झाली असती.

साहेब वाईट माणूस नव्हते. समोर ठेवलं होतं त्यावर त्यांनी शेरा दिला. दोन गावांचं हद्दीचं भांडण, खात्याला काही कर्तव्य नाही, दप्तरी दाखल. मी तो शेरा वाचला. तेव्हाच उठून आत जायचं होतं. साहेब, टिपण अपुरं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मुख्य कारकुनाची जागा पुढच्या वर्षी रिकामी होणार होती. मी फायलीची दोरी बांधली.

वर्षभरानंतर एके दिवशी दुपारी शिपाई येऊन म्हणाला, "रायरे, तुम्हाला भेटायला समुद्र आलाय." त्याच्यामागे कंबरेत वाकलेला, काळाकभिन्न, साठीच्या पुढचा माणूस उभा. खांद्यावर पिशवी, तिला सुक्या बांगड्यांचा वास. दोन लेखनिकांनी नाकाला रुमाल लावले.

"मराठी वाचनारे सायब तुमीच?"

"मीच."

त्यानं हात जोडले. "मास्तर म्हनाला, कचेरीत आपला कागद वाचनारा एक तरी हाय. म्हटलं जाऊन बघून यावं." हाच तो तांडेल. हुबळीपर्यंत मोटार, पुढं रात्रभर आगगाडी, असा तो आला होता. उत्तर का आलं नाही, एवढंच विचारायला.

मी त्याला घाईनं बाहेर काढलं. कब्बन पार्कात एका बाकावर बसलो. त्यानं चारी बाजूंना मान फिरवून हवा हुंगली.

"हितं हवेला मीठच नाय. तुमी जगता कसे?"

"सवय आहे."

"दर्याला जाता की नाय मधून मधून?"

"मी समुद्र पाहिलेला नाही."

तो एवढ्या मोठ्यानं हसला की शेजारची माणसं वळली. "मासळीचं सरकार तुमी, आनि दर्या बगितला नाय! अवो, मग आमचा अर्ज तुमाला कळला कसा?"

"कळला," मी म्हणालो. आणि ते खरं होतं.

हसू ओसरल्यावर तो पुढे वाकला. "एक इचारतो. आमी पन जानार नाय, असं लिवलंय ते मोठ्या सायबानं वाचलं ना? तेच मुख्य हाय. नायतर वाटंल आमी आपल्या एकट्यासाठी पानी मागतो. गावात त्यावरनं तीन दिवस भांडन झालं. माजा जावई माज्याशी बोलत नाय अजून. पन शेवटी समद्यांनी अंगठा दिला. वाचलं ना त्यांनी?"

मी म्हणालो, "वाचलं. विचार चालू आहे."

त्या दोन वाक्यांसाठी मी ही सगळी पानं लिहितो आहे. तेव्हा खरं सांगितलं असतं तर त्यानं तिथंच बाकावर बसून मला नवा अर्ज सांगितला असता, मी लिहिला असता, आणि त्याच संध्याकाळी तो कचेरीत दाखल झाला असता. त्याचा अंगठा तिथं हजर होता. पण मी 'विचार चालू आहे' म्हणालो आणि तो समाधानानं मान हलवून वाट बघायला परत गेला.

जाण्यापूर्वी त्यानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा काढला. पांढराफटक, हाताएवढा, झाडाच्या मोडक्या फांदीसारखा, अंगावर बारीक बारीक भोकं. "सुरुंगानं तुटलेलं पोवळं हाय. जित्तं असतंय तवा असं नाय दिसत, त्याला रंग असतो. सायबाला दाखवा. कागदापरीस हे बरं सांगंल." मी तो तुकडा घरी नेला आणि आईच्या ट्रंकेत ठेवला.

मुख्य कारकुनाची जागा मला मिळाली.

मग पत्रं येऊ लागली. तीन-चार महिन्यांनी एक, मास्तरांच्या अक्षरात, माझ्या नावानं, घरच्या पत्त्यावर. पत्ता मीच त्याला दिला होता. पहिल्या पत्रात होतं की सरकारचा विचार होईपर्यंत आपण थांबायचं कशाला, असं ठरवून गावानं खडकावर बांबू रोवला आहे, त्याला लाल फडकं बांधलं आहे, आणि त्या पाण्यात आता गावातला कुणी जात नाही. जावईसुद्धा नाही. पुढच्या पत्रात, तांबोशी माशाची पिल्लं दिसू लागली. त्यापुढच्यात, रापणीला या वर्षी बरं आहे, देवाला नारळ दिला, एक तुमच्या नावानं. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच असायचं. कागद कधी निघेल?

मी उत्तरं लिहायचो. प्रकृती, पाऊसपाणी, आणि 'विचार चालू आहे'. मला हे कबूल केलं पाहिजे की मी त्या पत्रांची वाट पाहत असे. संध्याकाळी जिना चढताना खालच्या मालकीणबाई "पत्र बंदिदे" म्हणाल्या, पत्र आलंय म्हणाल्या, की माझ्या पायांत बळ येई. दार लावून मी ते मोठ्यानं वाचायचो. जगात कुणीतरी मला मराठीत 'आपण जेवता-खाता ना' असं विचारत होतं. खरं सांगितलं तर ती पत्रं बंद होतील, हेही भय मला होतं. आधी बढतीसाठी गप्प बसलो, पुढं पत्रांसाठी.

चौथ्या वर्षी पत्राचा सूर बदलला. बाहेरच्या दोन होड्या आल्या. गावची माणसं आडवी गेली. ते म्हणाले, पाणी बंद आहे म्हणता, सरकारचा कागद दाखवा. कागद नव्हता. त्यांनी गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत दारू टाकली. पावसाळ्यापूर्वी असं चार वेळा झालं. शेवटी लिहिलं होतं, 'कागद निघाला नसेल तर निदान आमच्या अर्जाची नक्कल, कचेरीचा शिक्का मारून, पाठवावी. आम्ही विचारलं होतं एवढं तरी दाखवता येईल.'

त्या दिवशी मी जुनी फाइल काढून घेतली. साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं की माझं टिपण अपुरं होतं, अर्जदारांनी स्वतःवरही बंदी मागितली होती. त्यांनी फाइल उलटीपालटी केली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "इतक्या वर्षांनी हे का उकरता, रायरे? पाहिजे तर त्यांना नवा अर्ज करू द्या."

मी साडेतीन ताव जसेच्या तसे उतरवले. नकलेचा शिक्का मारला. मग आणखी एक कागद घेतला आणि त्यावर माझं दहा ओळींचं टिपण मराठीत लिहिलं, एक शब्द न बदलता. त्याखाली साहेबांचा शेरा. त्याखाली लिहिलं, 'हे टिपण मी केलं. कब्बन पार्कात मी आपल्याशी खोटं बोललो. नवा अर्ज आपण सांगाल तसा लिहीन, मोठा, हवा तेवढा.' सगळं एका लखोट्यात घालून रजिस्टर केलं.

महिन्यानं पोस्टकार्ड आलं. मास्तरांचंच अक्षर, पण 'आपण जेवता-खाता ना' नव्हतं.

'कागद मिळाले. तांडेलांनी दोन्ही वाचून घेतले. छोटा पुन्हा वाचायला लावला. म्हणाले, हा वाचून मीसुद्धा हेच म्हटलं असतं, भांडण आहे. नव्या अर्जाचं विचारलं तर म्हणाले, आता पोरांना परत अंगठे द्यायला कोणत्या तोंडानं सांगू? पावसानंतर बांबू रोवलेला नाही. खाली रान उरलेलं नाही. दिलेला तुकडा तुम्ही कुणाला दाखवलात का, असं तांडेल विचारतात.'

त्यानंतर पत्र आलं नाही. मी दोन लिहिली, पोचली असतील. जिन्याशी मालकीणबाई भेटतात, काही म्हणत नाहीत.

पोस्टकार्डातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक उघडली, तुकडा काढला, धूळ पुसली आणि कचेरीत नेऊन माझ्या टेबलावर ठेवला, फायलींच्या आणि माझ्या मधोमध. तो अजून तिथंच आहे. येणारा माणूस आधी त्याच्याकडे बघतो. "इदेनु, रायरे?" हे काय म्हणून विचारतो. मग मी पेन खाली ठेवतो आणि खडकापासून सुरुवात करतो. चाळीस अंगठे, जावई, भाताचं बियाणं, आम्हीही टाकणार नाही. मी काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही. लोक आधी ऐकतात, मग घड्याळाकडे बघतात. कचेरीतल्यांना तर ते पाठ झालं आहे. मला येताना बघून ते बाजूला होतात, कॉफीला आता कुणी बोलावत नाही.

परवा वरून नवे अधिकारी आले होते. तुकडा हातात घेऊन त्यांनी विचारलं. मी सुरुवात केली. दोन मिनिटांत त्यांनी हात वर केला.

"सरी, सरी, ठीक आहे. स्वल्पात सांगा, रायरे."

"स्वल्पात नाही सांगता येत, साहेब," मी म्हणालो आणि पुढं सांगत राहिलो.