विचारून गप्प राहणाऱ्या वाकळे मॅडम

डॉ. सुनंदा वाकळे यांची आणि माझी पहिली भेट मुलाखतीच्या दालनाबाहेरच्या बाकावर झाली. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अधिव्याख्यात्यांच्या जागा निघाल्या होत्या आणि मी ओठांतल्या ओठांत व्याख्या घोकत होतो. शेजारी बसलेल्या बाईंनी अगदी आदराने विचारले, "सर, हे तुम्हाला समजलंय, की पाठ केलंय?" निवड आमची दोघांचीही झाली, पण त्यांचे नाव माझ्या वर लागले. साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात पुष्कळजण मॅडमविषयी आदराने लिहितील. आदर मलाही आहे, पण मी लिहितो आहे तो हेव्याने. साठी गाठलेल्या बाईंपासून आता ते काय लपवायचे?

सुरुवातीची बरीच वर्षे विभागात बोलबाला माझाच होता. माझे व्याख्यान ऐकायला दुसऱ्या विभागांची मुले दाराशी उभी राहायची आणि चहाच्या वेळी सगळे सहकारी माझ्या टेबलाभोवती जमायचे. मॅडम आपल्या प्रयोगशाळेत मान खाली घालून काम करत. मग हिवाळ्यातल्या एका सकाळी, तोंडी परीक्षेत, सगळे बिनसले.

समोर लासूर स्टेशन गावचा एक हुशार मुलगा होता. उष्णतावहनाचे समीकरण मी शिकवले होते आणि त्याने ते फळ्यावर बिनचूक सोडवले. मॅडमनी त्याला एक हात बाकाच्या फळीवर आणि दुसरा लोखंडी पायावर ठेवायला सांगितला. "तापमान कशाचं कमी?"

"लोखंडाचं. लोखंड थंडच असतंय की, मॅडम!"

"रात्रभर दोन्ही एकाच खोलीत होती ना?"

"असू द्या की. हाताला कळतंय ना!"

तापमान दोन्हींचे एकच असते. लोखंड आपल्या हाताची ऊब भराभर ओढून घेते, इतकेच. मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. समीकरण सोडवणारा मुलगा असे का मानतो, हे कोडे त्यांना सुटेना. चांगले चाललेले संशोधन बाजूला ठेवून त्या विद्यापीठातली मुले शिकतात कशी याचाच अभ्यास करू लागल्या. "आता या वयात बी.एड. करता की काय?" मी विचारले. "करीन की. तुम्ही येता का सोबत?" असे म्हणून त्या मोकळ्या झाल्या.

त्यांची रीत साधी होती. वर्गात प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचे. मुले चुळबुळली तरी उत्तर आपण द्यायचे नाही. ती काय बोलतात ते टिपायचे. हळूहळू इतिहासाचे, वाणिज्याचे प्राध्यापकही शनिवारी त्यांच्या खोलीत बसू लागले. प्रयोगशाळेतला निष्कर्ष मांडावा तसे प्रत्येकजण आपल्या वर्गातले कोडे मांडू लागला. कॅन्टीनच्या टेबलावर मी आणि बिस्किटांचा पुडा उरलो. मला फार लागले ते.

त्यात मॅडमचे उपकार! माझ्या पत्नीचे ऑपरेशन झाले तेव्हा त्यांनी न सांगता माझे वर्ग घेतले, दवाखान्यात डबाही पोचवला. परत आलो तर मुले म्हणाली, "सर, तुम्ही निवांत या. घाई नाय काही." डबा गोड लागला होता; हे वाक्य अजून घशाखाली उतरलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात मीही जिद्दीने तोच फळीचा आणि लोखंडाचा प्रश्न वर्गात विचारला आणि तोंड मिटले. माझ्यासारख्या बोलघेवड्याला ती शांतता म्हणजे शिक्षाच होती. दोनदा तर उत्तर ओठांवर आले. शेवटी मागच्या बाकावरून बिडकीनची नसरीन, जिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, उठून म्हणाली, "सर, आपलं अंग गरम म्हणून आपल्याला गार लागतं ना? मंग पालीचं अंग तर खोलीइतकंच गार, तिला लोखंड गार लागत नसंल का?"

वर्ग हसला. मी मात्र तास संपताच थेट मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "बाकी कुणाला नाही, तिलाच हे कसं सुचलं असेल?" आणि नेहमीप्रमाणे गप्प राहिल्या. इतक्या वर्षांत प्रथमच मला माझ्या वर्गाचे कुतूहल वाटले, आणि लगेच धास्तीही वाटली, की यावरही मॅडमच लेख लिहितील.

"मॅडम, हे माझ्या वर्गात घडलंय. लिहाल तेव्हा तसं लिहा."

"मी कशाला लिहू? तुम्हीच लिहा, सर. शनिवारी या."

तेव्हापासून शनिवारी जातो. दाराजवळची खुर्ची मिळाली आहे. लेख लिहायला घेतला आहे, पण मॅडम प्रत्येक पानावर एक प्रश्न विचारतात आणि मी पुन्हा वर्गात जातो. या वेगाने तो पुरा व्हायला बराच काळ लागेल.

म्हणून मॅडमना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही प्रार्थना मी पूर्ण स्वार्थाने करतो. तो लेख वाचून एकाच माणसाला माझा हेवा वाटावा, अशी माझी इच्छा आहे; आणि तेवढ्यासाठी त्या हव्यातच.