नव्या डिस्कची पहिली उतरण

परवा राजूर घाटात एका ट्रकच्या तापलेल्या ब्रेकचा करपट वास आला आणि माझी जुनी लाल गाडी आठवली. गाडी वेगाला जबरदस्त होती, पण घाट उतरताना ब्रेक तापून ढिले पडायचे. म्हणून मी पुढच्या चाकांना ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणि त्यांना चिमटीत धरणारे नवे कॅलिपर बसवून घेतले.

दुसऱ्या दिवशी आईला माहेरी, जळगाव जामोदला न्यायचं होतं. ती पिशवी घेऊन आली, तर पुढच्या सीटवर बाबा बसलेले.

"तू थांब वं. पह्यले मी घाट उतरून येतो," ते तिला म्हणाले.

घाटातल्या वळणावर अचानक मेंढ्या आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला. गाडी जराही न भरकटता जागच्या जागी थांबली. गरम लोखंडाचा वास आत शिरला.

"वास काऊन येऊन राह्यला बे?"

"पॅड नवे आहेत बाबा. सुरवातीले येतेच."

डॅशबोर्डवर घट्ट रोवलेला हात त्यांनी सावकाश काढला.

"चाल, आता तुह्या आईले घेऊन येऊ."

नव्या ब्रेकची मजा त्यांना आधी हवी होती, असं मला तेव्हा वाटलं. बाबांना गाड्यांची हौस कधीच नव्हती, हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली.