पायानं वळणारं विमान

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या ह्यांनी हैदराबादेला विमानांच्या मैदानावर दोन वर्षं राखणदारी केली आणि पाटोद्याजवळच्या आमच्या गावी परत येताना सोबत एक गोष्ट आणली. विमान डावीउजवीकडे न्यायचं तर उडवणारा ते पायानं वळवतो, एवढीच ती गोष्ट. पारावर सांगितली आणि गाव पोट धरून हसलं. पाटील म्हणाले, "काय बे, आभाळात पाय टेकायला जागा कुटं हाय?" त्या दिवसापासून ह्यांचं नाव थापाड्या पडलं. विहिरीवर बायका मला विचारायच्या, "आज काय उडिवलं गं तुज्या मालकानं?" मी कळशी आपटायची. राग बायकांचा यायचा की ह्यांचा, ते माझं मलाच कळत नव्हतं.

एकदा जेवताना ह्यांनी विचारलं, "तुला तरी खरं वाटतं का?" मी ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि चुलीकडे तोंड केलं. खरं तर मलाही पटलं नव्हतं. ह्यांनी ती भाकरी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी विमानच करायला घेतलं. बांबूच्या कामट्या, बाजारातून आणलेला पतंगाचा कागद आणि माझ्या कणकेची खळ. कणीक गेली म्हणून मी तोंड सोडलं ते सोडलंच. सगळ्यात नाजूक काम शेपटीच्या फळीचं. ती दारासारखी इकडेतिकडे वळली पाहिजे, म्हणून धोतराच्या चिंध्यांची बिजागरी केली. ती फळी अडकायची. शेवटी मीच करडईच्या तेलाचं बोट फिरवलं, तेव्हा कुठं हलली. फळीला आडवी कामटी बांधली, तिच्या दोन्ही टोकांना दोन दोरे, आणि ते दोरे मोरपिसाच्या पोकळ नळ्यांतून ओढून नाकाखालून बाहेर काढले. दोरा सैल राहिला तर फळी ऐकायची नाही, जास्त ताणला तर कामटी मोडायची. तीन कामट्या मोडल्या. शिव्या किती, ते विचारू नका.

कुठला दोरा कुठला हे चुकू नये म्हणून ह्यांनी शेतकऱ्याची अक्कल चालवली. आमचा तांबडा बैल जुवाला डावीकडे, पांढरा उजवीकडे. म्हणून विमानाच्या डाव्या अंगाला तांबडा दोरा, उजव्या अंगाला पांढरा. अंगणात विमानाच्या शेपटीमागे गाडीवानासारखं बसून, दोरे नाकाखालून मागे वळवून घेतले आणि तांबडा डाव्या अंगठ्याला बांधला, पांढरा उजव्या. डावा पाय ओढला की फळी डावीकडे. मला हसू आलं, पण काम चोख होतं.

आखाडातल्या वाऱ्याचा दिवस बघून गाव माळावर जमलं. आम्ही बायका बांधावर. हे जमिनीवर बसले, अंगठ्यांना दोरे, हातात विमानाला बांधलेली जाड सुतळी. गड्यानं विमान लांब नेलं आणि पतंगासारखं वाऱ्यावर सोडलं. ते चढलं! पाटलांचंही तोंड उघडं राहिलं. मग ते भानावर आले आणि म्हणाले, "घे डावीकडं, त्या बाभळीकडं."

ह्यांनी डावा पाय ओढला. विमान उजवीकडे गेलं. पुन्हा ओढला, आणखी उजवीकडे. माळ खदखदून हसला. "पाय आणले, डोस्कं घरी ठिवलं!" ह्यांचा चेहरा मला बांधावरून दिसत होता. तो बघवेना.

मी वर बघितलं. विमानाचं नाक आमच्याकडे होतं, आणि दोऱ्यांची मधेच फुली झाली होती. रोज संध्याकाळी मी बैलांच्या तोंडासमोर उभी राहून गव्हाणीत कडबा टाकते, तेव्हा जुवाला डावीकडे असणारा तांबडा माझ्या उजव्या हाताला असतो. पदर खोचला आणि गेले सरळ माणसांत.

"अवो, दोरे बदला! त्याचं तोंड तुमच्याकडं हाय."

"मंग काय झालं?"

"काय झालं काय? गव्हाणीवर बैलांचं तोंड रोज मी बघते, तुमी नुस्तं शेपूट बघता!"

खाली बसून मीच तांबडा दोरा उजव्या अंगठ्याला बांधला आणि पांढरा डाव्याला. चार माणसांत नवऱ्याच्या पायाशी बसायची लाज वाटली नाही.

डावा पाय ओढला. विमान वळलं, बाभळीकडे गेलं. उजवा ओढला, परत आलं. कुणी हसलं नाही. पाटील ह्यांच्या पायांकडेच बघत राहिले. मग पागोटं सावरत म्हणाले, "लेका, पायानंच वळतंय की."

घरी जाताना विमान माझ्या डोक्यावर होतं. हे मागून चालत होते. वाटेत म्हणाले, "आता तरी खरं वाटतं का?"

"मला तर पयल्यापासनंच खरं वाटत व्हतं," मी म्हणाले.

ह्यांना थापाड्या म्हणायचं गावानं सोडलं. आमच्या घरातली खरी थाप ती एवढीच, आणि ती मी मारली.