ढकलगाडीचं चाक

कासिमिलोच्या घरी एकचाकी ढकलगाडी होती, पण तिचं चाक गेली दोन वर्षं लोसाच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या पलंगाखाली होतं. का, ते आमच्या नुकुनोनू बेटावर लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. लोसाचं पहिलं लग्न ठरलं, तेव्हा सभाघरातल्या जेवणात होणाऱ्या व्याह्यांनी डुकराच्या मांसाचा घास तोंडात घातला आणि हळूच बाहेर काढला. कासिमिलोच्या डोक्यात आलं, हा आमच्या डुकराला नावं ठेवतोय. डोक्यात आलं की हातात उतरायला या माणसाला वेळ लागत नसे. अख्खं भाजलेलं डुक्कर त्याने पाहुण्यांच्या पुढ्यातून उचललं, ढकलगाडीत घातलं आणि घरी नेलं. खरं तर त्या बिचाऱ्या व्याह्याची दाढ दुखत होती. सोयरीक मोडली, आणि लोसाने त्याच रात्री गाडीचं चाक काढून घेतलं.

माणूस मुळात वाईट नव्हता. पण डोक्यात काहीही आलं तरी ते थेट देवाकडून आलंय असं समजून तो कामाला लागे. एकदा त्याला वाटलं, स्वयंपाकाची खोप अंगावर कोसळणार. मग धोका नको म्हणून त्याने ती स्वतःच पाडली. आत बायको आकाता नारळ खवत होती. एकदा चर्चमध्ये फादर बायबलातल्या नोहाबद्दल सांगत होते, दारू पिऊन उघडा पडलेला नोहा. कासिमिलो उठून उभा राहिला आणि म्हणाला की ती गोष्ट मागच्या नाताळची आहे, मिटलेली आहे, परत काढायचं कारण नाही. तोवर गावात ती कोणालाच माहीत नव्हती.

आता लोसाचं दुसऱ्यांदा ठरलं होतं, पेटेलोच्या मुलाशी, फालानिकोशी. हेही फिसकटलं तर पुढच्या जहाजाने वेलिंग्टनला मावशीकडे जाईन आणि परत येणार नाही, असं तिने आईला सांगून ठेवलं होतं. ती बोलेल तसं करणारी मुलगी होती, आणि आकाताच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

गंमत म्हणजे हाच कासिमिलो समुद्रावर दगडासारखा थंड. जहाज बेटाला लागत नाही, ते प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबतं, आणि माणसं, पिठाची पोती, सगळं त्याच्या सपाट बोटीतून कड्यातल्या एका चिंचोळ्या फटीतून आत यायचं. फटीबाहेर योग्य लाट येईपर्यंत तो एक हात वर धरून बसे. हात वर आहे तोवर कोणी हलायचं नाही.

जहाजावरून लग्नाचं कापड घेऊन लोसा त्याच बोटीत बसली होती. चार लाटा गेल्या, पाच गेल्या, बाबा आपले बसलेलेच.

"पहिलीवर का नाही घेत बोट?" तिने विचारलं.

"पहिली आपली नसते गं. ती येते, दांडगाई करते, जाते. नुसतं बघायचं तिच्याकडे. आपल्या कामाची मागून येते, हळू."

"मग घरी पहिलीवरच उडी का मारता, बाबा?"

कासिमिलोच्या डोक्यात एकदम आलं, पोरगी बापाची अक्कल काढते. तोंड उघडलं होतं. पण हात आधीच वर होता, म्हणून त्याने तो तसाच ठेवला. लाट खालून निघून गेली.

त्या दिवसापासून गावाला नवी करमणूक मिळाली. डोक्यात काही आलं की कासिमिलो हात वर करी आणि मोठ्याने म्हणे, "आली." पत्त्यांच्या डावात म्हणे, दात घासताना म्हणे. प्रवचनात हात वर केला तर फादर घाबरून थांबले. "बोल कासिमिलो," ते म्हणाले. "काही नाही फादर, जाऊ दे तिला," तो म्हणाला. शेजारणी आकाताला विचारू लागल्या की ही बाई कोण.

लग्न शनिवारी होतं. गुरुवारी साऱ्या गावाने मिळून मासेमारी केली, आणि रिवाजाप्रमाणे घराघराचे वाटे पडले. वाटे घालत होता पेटेलो. कासिमिलो आपल्या वाट्यापाशी आला आणि थिजला. नुसती डोकी. अंगाचा तुकडा औषधालाही नाही.

त्याचा हात वर गेला. "आली." व्याही मला खिजवतोय. "आली." ही डोकी त्याच्याच डोक्यात घालावीत. "आली." लग्न गेलं खड्ड्यात. गाव श्वास रोखून उभं होतं. पेटेलो सुरी घेऊन एक पाऊल मागे सरला. लोसा जहाज येतं त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. कासिमिलो मट्‍कन ओंडक्यावर बसला, हात वरच. बऱ्याच वेळाने एक लहानशी आली.

"पेटेलो, बाकीचं कुठाय रे?"

"शार्कच्या पोटात," पेटेलो म्हणाला. "गळाला लागले ते ओढेपर्यंत खालून खाल्ले. जरा मान वळव की."

कासिमिलोने पहिल्यांदाच शेजारी पाहिलं. ओळीने चाळीस वाटे, आणि चाळीस वाट्यांतून नुसती डोकी त्याच्याकडे बघत होती. गाव इतकं हसलं की कुत्री पळाली.

लग्न झालं. आमच्यात नवरा मुलगा बायकोच्या घरी राहायला येतो, म्हणून रविवारी त्याची पेटी आणायची होती. लोसाने पलंगाखालून चाक काढलं, स्वतः बसवलं आणि गाडीची मूठ बापाच्या हातात दिली. "तुम्हीच आणा," म्हणाली.

कासिमिलो गाडी घेऊन निघाला तशी वाटेवरच्या घरांबाहेरची जेवणाची भांडी आत गेली. पेटेलो दारात पेटी धरून उभा होता. कासिमिलोने पेटीला हात घातला, तर हा सोडेचना. ओढली, तरी सोडेना.

कासिमिलोचा हात वर गेला. मुलाला पाठवायचं नाही याच्या मनात. माझी लोसा नको झाली याला. दोन्ही आल्या, गेल्या. मग त्याला समोरचं दिसलं: पेटेलोचे डोळे भरून आले होते. पोरगा जाणार होता अकरा घरं पलीकडे.

कासिमिलोने गाडी भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसला. पेटेलोही पेटी मांडीवर घेऊन शेजारी बसला.

"घाई नाही," कासिमिलो म्हणाला. "बसू थोडं."